हाकेच्या अंतरावर

ती. आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत ना, नॅशव्हिलात बघण्यासारखं आहे तरी काय? शनिवारी शेजारच्या फ्रँकलिनला जाऊन आले. तिथे कार्टर कुटुंबाचं विटांचं घर आहे, 1830 सालचं. आवारातल्या लाकडी कचेरीच्या भिंतीची गोळ्यांनी अक्षरशः चाळण झालीय. एकेका भोकात करंगळी जाईल.

या घरातला मुलगा टॉड. शिकून वकील झाला आणि 1861 मध्ये 20 व्या टेनेसी पायदळ पलटणीत भरती झाला. म्हणजे अमेरिकेच्या यादवी युद्धातली दक्षिणेची फौज, गुलामगिरी टिकवायला निघालेली. कार्टरांच्या शेतावरही गुलाम राबत होते, ते विसरून त्याच्याकडे बघता येत नाही. पण पोरगा मोठा हरहुन्नरी. छावणीतून वर्तमानपत्राला टोपणनावाने वार्तापत्रं पाठवायचा. टोपणनाव काय, तर ‘मिंट ज्युलेप’! आई, हे पुदिना घातलेल्या दारूचं नाव गं. 1863 च्या नोव्हेंबरात मिशनरी रिजच्या लढाईत पकडला गेला, तर कैद्यांच्या आगगाडीतून पेन्सिल्व्हेनियात उडी मारून पळाला आणि थेट पलटणीत परत हजर.

हुद्दा कॅप्टनचा, काम रसदीचं. 30 नोव्हेंबर 1864 ला पलटण फ्रँकलिनला पोचली, तेव्हा उत्तरेच्या जनरल कॉक्सने कार्टरांच्याच घरात ठाण मांडलेलं. तीन वर्षांनी गाव दिसत होतं, आणि हल्ला करायचा तो आपल्याच घराच्या दिशेने! रसदवाल्याने मागे थांबलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. हा घोड्यावर बसून पुढे गेला. गाइड त्याला शौर्य म्हणत होती. मला वाटतं, त्याला फक्त घरी जायचं होतं.

चारच्या सुमाराला तोंड लागलं, ते रात्री नऊपर्यंत. दक्षिणेचे सहा जनरल त्या एका लढाईत गेले. कार्टरांची बायकापोरं, शेजारीपाजारी, सगळे तळघरात. मी त्या तळघरात उतरले होते. वर पर्यटक चालत होते, तेवढा आवाजही डोक्यात घुमत होता. टॉड घरापासून हाकेच्या अंतरावर पडलाय, हे खाली कुणालाच माहीत नव्हतं. नंतर कळलं, तेव्हा सदुसष्ट वर्षांचा बाप आणि बहिणी अंधारात प्रेतं चाचपत शोधायला निघाल्या. सापडला तेव्हा जिवंत होता. उचलून घरी आणला. 2 डिसेंबरला गेला. वय चोवीस.

बाबा, मी पुण्याहून रात्रीच्या एसटीने यायचे तेव्हा तुम्ही फाट्यावर बॅटरी घेऊन उभे असायचात. एसटी दोन तास उशिरा आली तरी तिथेच. ‘आत्ताच आलो’ म्हणायचात, आणि चपला दवाने भिजलेल्या असायच्या.

तिकीट काढलंय, 18 डिसेंबरचं. यंदा रद्द करणार नाही. घरी पोचायला रात्रीचे अकरा वाजतील. फाट्यावर आता दिवे आलेत असं आईच सांगत होती, तेव्हा तुम्ही गुडघा घेऊन तिथवर येऊ नका. आई, पिठलं कर.

तुमची,
मनू