गव्हर्नर महोदय, स्वस्त विम्याची खरी किंमत क्लेमच्या दिवशी कळते

मा. गव्हर्नर,
संयुक्त अरब अमिरातीची मध्यवर्ती बँक, अबुधाबी

स. न. वि. वि.

मी शारजात राहतो आणि दुबईत एका विमा ब्रोकरकडे नोकरी करतो. ज्या धंद्याबद्दल कुरकुर करणार आहे, त्यावरच माझं घर चालतं. इथल्या विम्यावर देखरेख आपल्या बँकेचीच, म्हणून हे पत्र आपल्याला. पत्र मराठीत आहे, कारण रत्नागिरी-रायगडकडून इथे पोट भरायला आलेल्या माझ्या लोकांनी ते आधी वाचावं अशी इच्छा आहे. आपल्यापर्यंत पोहोचवायची तजवीज वेगळी करीन.

इथला विमा बाजार वाढतोय, यात वाद नाही. पण तो बराचसा कायद्याच्या रेट्याने वाढतोय. अबुधाबीने 2006 मध्ये आरोग्य विमा सक्तीचा केला. दुबईने 2013 च्या कायद्याने टप्प्याटप्प्याने केला. 1 जानेवारी 2025 पासून शारजासह उरलेल्या पाच अमिरातींतही खासगी नोकरदार आणि घरकामगारांचा व्हिसा विम्याशिवाय निघत नाही. गाडीचा विमा नसेल तर मुल्किया, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं कार्ड, मिळत नाही. नोकरी जाण्याचा विमा 2023 पासून बंधनकारक आहे. गिऱ्हाईक आपल्या पायांनी दारात येतं, असा हा धंदा. शिवाय कोटभर वस्तीच्या देशात विमा कंपन्या साठच्या आसपास. एकशे चाळीस कोटींच्या भारतात त्या सत्तरच्या आसपास आहेत. ओढाताण होणारच.

ओढाताण कशावरून होते, ते मात्र बघण्यासारखं आहे. एखाद्या कंत्राटदाराच्या तीनशे कामगारांच्या आरोग्य विम्याचं रिन्युअल येतं. आम्ही चार-पाच कंपन्यांचे कोटेशन एका एक्सेल शीटवर मांडतो. एचआरचा माणूस थेट शेवटच्या रकान्यात जातो, माणशी किती दिरहम. नेटवर्कमध्ये कामगारांच्या कॅम्पजवळचं क्लिनिक आहे का, उपचाराच्या अप्रूव्हलला, म्हणजे विमा कंपनीच्या मंजुरीला, किती वेळ लागतो, हे विचारणारे थोडे. त्यात त्याचा दोष तरी काय? पैसे कंपनी भरते आणि दवाखान्यात कामगार जातो. विकत घेणारा एक आणि वापरणारा दुसरा, म्हणून सगळी स्पर्धा प्रीमियमवर येऊन थांबते.

शारजासह उत्तरेकडच्या या पाच अमिरातींसाठी वर्षाला 320 दिरहमचं जे बेसिक पॅकेज आलं, ते मला मनापासून चांगलं वाटतं. जुनाट आजाराला वेटिंग पिरियड नाही, ही तर मोठीच गोष्ट. ओपीडीत 25 टक्के स्वतः भरायचे, तेही एका भेटीला 100 दिरहमपर्यंतच. त्याच आजारासाठी सात दिवसांत पुन्हा गेलं तर काहीच भरायचं नाही. ही शेवटची अट किती कामगारांना ठाऊक असेल? अजमानमध्ये एक खेडचा वेल्डर भेटला. छातीत कफ, डॉक्टरांनी पाच दिवसांनी या म्हणून सांगितलेलं. हा गेलाच नाही. का, तर "परत पैशे कापतील." त्याच्याकडे मोबाईलवर कार्डाचा फोटो होता, अटींचा कागद त्याने कधी पाहिला नव्हता. कंपनीची सरकारी कागदपत्रं बघणाऱ्या पीआरओने अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरवर पैसे भरले, व्हिसा निघाला, विषय संपला.

नोकरीच्या विम्याचंही तेच. बेसिक पगार 16,000 पर्यंत असेल तर महिन्याला 5 दिरहम. नोकरी गेली तर तीन महिने 60 टक्के, पण बेसिकच्या. ज्याच्या हातात 1,800 पडतात आणि ज्याचं बेसिक 900 आहे, त्याच्या डोक्यात 1,080 चा हिशेब असतो, मिळतात 540. योजना खोटी नाही, पण हे आधी कोणी सांगत नाही.

भारतात 1 जानेवारी 2007 पासून बहुतेक जनरल विम्याचे दर खुले झाले. मोठ्या कंपन्यांचा गट आरोग्य विमा पडेल त्या भावाला विकला जाऊ लागला. पुढे नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या तीन सरकारी कंपन्यांना सावरायला केंद्राला 17,450 कोटी रुपये ओतावे लागले. कारणं अनेक होती, पण स्वस्तात विकलेलं गट आरोग्य हे त्यातलं एक ठळक. यातली ओरिएंटल आपल्याकडे दुबईतही धंदा करते.

आमच्या धंद्यातले काही जण यावर उपाय म्हणून किमान दर बांधून मागतात. माझा त्याला विरोध आहे. गाडीच्या विम्याला 2017 मध्ये किमान-कमाल दर बांधले गेले, तरी 16 एप्रिल 2024 च्या पावसात शारजातल्या अल माजाझ आणि कासिमियाच्या गल्ल्यांत बुडालेल्या गाड्यांचे मालक आम्हालाच फोन करून विचारत होते, "थर्ड पार्टीत हे बसत नाही का हो?" नंतर प्रीमियम चढले ते वेगळंच. दर बांधून गिऱ्हाईक शहाणं होत नाही.

आपल्या बँकेने बरंच केलंय, ते नाकारत नाही. प्रीमियम ब्रोकरच्या खात्यातून न जाता थेट कंपनीकडे जावा हा नियम आमच्या काही मंडळींना झोंबला, पण तो योग्यच होता. बँका आणि विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारं सनदक हे कार्यालय उभं राहिलं. पण सनदककडे जाणारा माणूस आधीच अडलेला असतो. मला हवं आहे ते त्याच्या आधीचं. कोणत्या कंपनीने तिमाहीत किती क्लेम मंजूर केले, किती नाकारले, कोणत्या कारणाने, आणि अप्रूव्हलला सरासरी किती तास घेतले, याचा एक तक्ता आपण छापावा. भारतात विमा कंपन्यांना क्लेमचे आकडे दर तिमाहीला जाहीर करावे लागतात. त्यातही पळवाटा आहेत. हजार छोटे क्लेम देऊन दहा मोठे अडवले तरी टक्केवारी गोंडस दिसते. म्हणून आकड्यांसोबत रकमाही हव्यात. पण मुंबईत आज साधा माणूसही एजंटला "क्लेम रेशो किती?" असं विचारतो. शारजात मला तो प्रश्न अजून कोणी विचारलेला नाही.

आणि बेसिक कार्डासोबत एक पानभर मजकूर हिंदी, उर्दू, मल्याळम, बंगालीत फोनवर यावा: काय भरायचं, काय नाही, सात दिवसांत परत गेलं तर फुकट. मराठीचा आग्रह धरत नाही, आमचा माणूस हिंदीवर निभावून नेतो.

गट विम्याची बरीच रिन्युअल जानेवारीत असतात. डिसेंबरच्या आत पहिला तक्ता आला तर आमच्या एक्सेल शीटमध्ये प्रीमियमच्या शेजारी तो रकाना मी स्वतः घालीन. साहेबांनी हरकत घेतली, तर आपल्या परिपत्रकाचा क्रमांक त्यांना दाखवता येईल.

आपला विश्वासू,
शारजातील एक विमा ब्रोकर