ओरिएंटेशन मुलांचं झालं, आता आमचं करा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

नवं शैक्षणिक वर्ष सुरू झालं की पुण्यातल्या कॉलेजांत परदेशी आणि परराज्यांतल्या विद्यार्थ्यांसाठी अर्ध्या दिवसाचं ओरिएंटेशन होतं. प्राचार्यांचं भाषण, नियमांची पीपीटी, परदेशातून आलेल्यांना १४ दिवसांत नोंदणी करून घ्या ही ताकीद, मग चहा-समोसा. मी ३१ वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, त्यातली ६ वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. असली ओरिएंटेशनं मी स्वतः घेतली आहेत आणि समोसा सोडला तर त्यातलं कुणाच्या काही लक्षात राहत नाही, हेही पाहिलं आहे. आमच्याशी कसं वागायचं-बोलायचं हे या मुलांना आम्ही वर्षानुवर्षं सांगत आलो. त्यांच्याशी कसं बोलायचं हे आम्हा प्राध्यापकांना आणि ऑफिसातल्या मंडळींना मात्र कुणी कधी सांगितलं नाही. पत्र त्यासाठी लिहिते आहे.

सुरुवात माझ्यापासूनच करते. एका वर्षी एम.एस्सी.ला इथिओपियाचा एक मुलगा होता. हजेरीपटावर आडनावाच्या जागी जे छापलं होतं, त्याच नावानं मी त्याला हाक मारायची, वर 'मिस्टर' लावून. तो उभा राहून 'येस मॅडम' म्हणायचा. दिवाळीच्या सुट्टीआधी कळलं की इथिओपियात आपल्यासारखं आडनाव नसतंच. आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आजोबांचं. म्हणजे चार महिने मी त्याच्या आजोबांची हजेरी घेत होते. 'अरे, मग सांगितलं का नाहीस?' असं विचारल्यावर म्हणाला, 'शिक्षकांची चूक वर्गात कशी काढायची?' बिचाऱ्याला आमच्या ओरिएंटेशनमध्ये 'मनमोकळेपणानं बोला' असं बजावलं होतं. कुणाशी, कसं, हे राहून गेलं होतं.

आपल्या प्रवेशअर्जातले आडनाव, नाव, वडिलांचे नाव हे रकाने आपल्या घरच्या रीतीचे आहेत. एकच नाव असलेला अफगाण मुलगा आला की कुणीतरी तेच नाव दोनदा भरून मोकळं होतं. तमिळ मुलीचं इनिशियल उलगडून त्यातून आडनाव काढलं जातं आणि तिच्या वडिलांचं नाव हेच तिचं आडनाव होऊन बसतं. मग मार्कशीटवर एक नाव, पासपोर्टवर दुसरं, आणि पुढे प्रतिज्ञापत्रांची रांग. या सगळ्याला काही कुणाचा द्वेष कारणीभूत नसतो. अर्ज छापणाऱ्याला जग आपल्यासारखंच वाटलं, एवढंच.

त्याच मुलाची आणखी एक गोष्ट. 'कळलं का?' असं विचारलं की तो तोंडानं पटकन श्वास आत ओढायचा, दचकलेला माणूस ओढतो तसा. मला वाटायचं, एवढं का अवघड जातंय याला! मी पुन्हा पहिल्यापासून सांगायची. पुन्हा तोच श्वास. पुढे समजलं की इथिओपियात 'हो' म्हणायची ती सर्रास पद्धत आहे. त्याला आधीच कळलेलं प्रमेय मी त्याला तीन-तीनदा शिकवत होते. गंमत म्हणजे त्यानं मला उलटा प्रश्न विचारला, 'मॅडम, तुम्ही सगळे मान अशी दोन्हीकडे हलवता, त्याचा अर्थ काय?' मला सांगता येईना. हो, बरं, ऐकतेय, चालेल, बघू, आणि कधी कधी सरळ नाहीच, हे सगळं आपण त्या एका डोलावण्यात घालतो.

'बघू' हा तर आपल्या कार्यालयीन मराठीचा कणा. बोनाफाईड घ्यायला गेलेल्या एका मुलीला खिडकीतून उत्तर मिळालं, 'उद्या या.' ती दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायच्या आधी येऊन उभी. उत्तर तेच. तिसऱ्या दिवशीही. आपल्याकडच्या पोराला कळतं की 'उद्या या' म्हणजे साहेबांची सही व्हायची आहे, चार दिवसांनी ये, किंवा कुणाला तरी सांगून ये. तिला ते कसं कळावं? तिच्या हिशेबी एक माणूस तिच्याशी रोज खोटं बोलत होता. आणि खिडकीतल्या माणसाच्या हिशेबी ती उद्धट होती, कारण ती रोज विचारत होती की काल तुम्ही आज म्हणाला होतात. दोघांचंही इंग्रजी ठीकठाक होतं, त्यामुळे 'भाषेची अडचण' म्हणून हात झटकायचीही सोय नाही.

यात खरं नुकसान होतं ते तोंडी परीक्षेत. मोठ्यांसमोर नजर खाली ठेवणं हा काही समाजांत आदर असतो. आपल्याकडेही होताच, आपल्या आज्या विसरलो काय आपण? पण बाहेरचे परीक्षक तेवढ्यावरून शेरा मारतात, 'आत्मविश्वास कमी'. वहीत आकडेमोड बिनचूक असलेल्या मुलांचे व्हायव्हाचे मार्क या एका शेऱ्यापायी गेलेले मी पाहिले आहेत. आणि परीक्षकांच्या शेजारी बसून मी गप्प राहिले आहे, हेही लिहून टाकते.

वसतिगृहातला एक प्रसंग अजून आठवतो. नागालँडच्या मुलीनं सुट्टीहून येताना अखुनी आणली होती, आंबवलेलं सोयाबीन. रविवारी तिनं पॅन्ट्रीत ती शिजवली आणि अर्ध्या तासात माझ्या दारात सात मुली, तक्रारअर्जासह. अर्जात 'असह्य दुर्गंधी' असा शब्द होता. मीही आधी तिलाच बोलावून सांगणार होते की बाई, हे इथं नको. माझ्या सुदैवानं त्या सातांत एक रत्नागिरीची होती, आणि मागच्याच महिन्यात तिनं त्याच पॅन्ट्रीत सुकट भाजली होती, त्यावर नागपूरच्या मुलींनी नाकाला ओढण्या लावल्या होत्या. मी फक्त सुकटीची आठवण करून दिली. अर्ज परत गेला. संध्याकाळी त्या दोघी एकमेकींच्या डब्यांचे वास घेत बसल्या होत्या आणि नागपूरकरणी लांबून बघत होत्या.

हसण्यावारी गेलं म्हणून बरं. दिल्ली पोलिसांनी २००७ मध्ये ईशान्य भारतातल्या विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या पुस्तिकेत हेच पदार्थ शिजवताना शेजाऱ्यांना त्रास होणार नाही हे बघा, असा सल्ला होता. म्हणजे तडजोड करायची ती आलेल्यानंच. त्यानंतर सात वर्षांनी, जानेवारी २०१४ मध्ये, त्याच शहरात अरुणाचलच्या निडो तानियाला केसांवरून चिडवलं गेलं, मारहाण झाली आणि तो गेला. मग ईशान्येतल्या लोकांच्या अडचणी पाहायला केंद्रानं नेमलेली बेझबरुआ समिती आली. देशाच्या या भागाचा इतिहास आणि संस्कृती बाकीच्यांच्या अभ्यासक्रमात असावी, असं तिनं सुचवलं. मार्च २०२० मध्ये करोनाच्या नावाखाली याच मुलांना हिणवलं जाऊ लागलं, तेव्हा केंद्रीय गृह मंत्रालयाला राज्यांना पत्र पाठवावं लागलं. आपल्याकडच्या किती पदवीधरांना ईशान्येतल्या आठ राज्यांची नावं न अडखळता सांगता येतील? मला तिशीपर्यंत येत नव्हती.

पुण्याला हा विषय नवा नाही. फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवणारे आणि वसतिगृहाचे रेक्टर असलेले डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी एका मुलीला खिडकीतून एका मुलाला काहीतरी देताना पाहिलं. चौकशीत निघालं ते असं, की मॉरिशसचा तो मुलगा काविळीनं आजारी होता आणि ती त्याला जेवण आणून देत होती. त्या अस्वस्थतेतून १९७१ मध्ये सिम्बायोसिस उभी राहिली, हे त्यांनीच अनेकदा सांगितलं आहे. मला त्या गोष्टीत संस्थेपेक्षा रेक्टर महत्त्वाचा वाटतो. नियमभंग दिसला आणि त्यानं दंड करण्याआधी चौकशी केली.

'आंतरसांस्कृतिक' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पासपोर्ट येतो, ही आणखी एक गफलत. भामरागडहून आलेल्या मुलाची घरची भाषा माडिया, मेळघाटातल्या मुलीची कोरकू. माडिया द्राविडी कुळातली. कोरकू तर ऑस्ट्रोआशियाई कुळातली, म्हणजे मराठीपेक्षा कंबोडियाच्या ख्मेरशी तिचं दूरचं का होईना, नातं. महाराष्ट्राच्या रहिवासाचा दाखला असल्यामुळे ही मुलं कुठल्याही ओरिएंटेशनच्या यादीत येत नाहीत. त्यांना मराठी 'येतेच' असं आपण धरून चालतो आणि ती वर्गात गप्प बसली की 'मागासलेपणा' म्हणून मोकळे होतो. नजर खाली ठेवण्याबद्दल वर जे लिहिलं, ते त्यांनाही लागू आहे. फक्त त्यांच्यासाठी कुणी इंटरनॅशनल सेलची पाटी लावलेली नाही.

पाटीचं म्हणाल तर २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात परदेशी विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत त्यांच्यासाठी कार्यालय असावं, असं लिहिलंच आहे. बऱ्याच ठिकाणी ते उघडलंही. तिथं व्हिसाची कागदपत्रं सांभाळली जातात आणि वर्षातून एकदा 'इंटरनॅशनल डे' होतो. त्या दिवशी मुलं आपापले पोशाख घालतात, नाचतात, एखादा पदार्थ करून आणतात, पाहुणे फेटे बांधून घेतात. दुसऱ्या दिवशी त्या मुलाशेजारी कॅन्टीनमध्ये कोण बसतं, ते पाहायला कुणी नसतं.

शिक्षकांसाठीही सोय नाही असं नाही. मालवीय मिशन या शिक्षकांसाठीच्या सरकारी योजनेतल्या प्रशिक्षणात विद्यार्थ्यांमधलं वैविध्य हा एक विषय आहे. पण आमची रिफ्रेशर म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक आहे. बढतीसाठी प्रमाणपत्र हवं, कॅमेरा बंद ठेवून ऑनलाइन हजेरी, आणि संस्कृती म्हणजे हिमनग असं दाखवणारी एक स्लाइड. त्याऐवजी एक दुपार असं करून बघा. परदेशातली चार, ईशान्येतली दोन, गडचिरोली-मेळघाटातली दोन मुलं समोर बसवा आणि त्यांना विचारा, आम्ही वर्गात बोललेलं काय तुम्हाला कळत नाही. विषयातलं सोडून. मी रेक्टर असताना एकदा हे केलं होतं. पहिली वीस मिनिटं कुणी बोलेना. मग एक येमेनची मुलगी म्हणाली, 'तुम्ही मध्येच मराठीत काहीतरी बोलता आणि सगळे हसतात. आम्हाला वाटतं, आमच्यावर हसतात.' आमच्या विभागातल्या सगळ्यांत लोकप्रिय शिक्षकाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. त्यांचे विनोद निरुपद्रवी होते. त्यांनी ते बंद केले नाहीत, पण दर विनोदानंतर त्याचं इंग्रजी करायला लागले. त्यात विनोद मेला तरी मुलगी हसायची.

इथं मराठीचा कैवारी विचारेल, की मग वर्गात मराठी बोलायचंच नाही का? जरूर बोला, आणि त्यांनाही शिकवा. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आम्ही पेढे वाटले. पण रिक्षावाल्याशी, मेसच्या मावशींशी, मंडईत बोलण्यापुरतं मराठी शिकवणारा, दोन क्रेडिटचा वर्ग किती कॉलेजांत आहे? मावशींना 'अहो मावशी' म्हणायचं आणि मैत्रिणीला 'अगं', एवढं कळलं तरी मुलीचं निम्मं एकटेपण जातं. ज्या मुलींनी हे शिकून घेतलं त्यांना मावशींनी ताटात वाढलेली जास्तीची पोळी मी पाहिली आहे. शिकणं सक्तीचं केलं तर मात्र पोळी मिळणार नाही, दडपण तेवढं मिळेल.

एक आक्षेप मला मान्य आहे. निम्म्या जागा रिकाम्या असलेल्या विभागात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या, तासाला पैसे मिळणाऱ्या पोरानं हे कधी करायचं? त्याच्याकडे स्टाफरूममध्ये स्वतःचं कपाटही नसतं. त्याला माझं सांगणं इतकंच, की पहिल्या तासाला हजेरी घेण्याआधी प्रत्येकाला 'तुला काय म्हणून हाक मारू?' असं विचार आणि उत्तर हजेरीपटावर पेन्सिलीनं लिही. साठ मुलांच्या वर्गात त्याला वीस मिनिटं लागतात. कपाट मागायचं काम आम्ही कायम नोकरीवाल्यांनी करायचं होतं, ते केलं नाही.

संपादक महोदय, एक विनंती आपल्यालाही आहे. थोड्याच दिवसांत आपल्याकडे इंटरनॅशनल डेचे फोटो येतील. फोटोओळीत प्राचार्य, संस्थाचालक, प्रमुख पाहुणे यांची नावं पदांसकट असतात आणि शेवटी 'परदेशी विद्यार्थी' असं एकत्र लिहिलेलं असतं. पुढच्या वेळी आपल्या वार्ताहरानं त्या मुलांची नावं विचारून छापावीत. कुठलं नाव आधी लिहायचं, तेही त्यांनाच विचारावं.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापिका, पुणे