यंत्रावर हाताने मराठी लिहिताना : मित्रास पत्र

शहापूर, बेळगाव

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत आयुष्य घालवलेल्या वडीलधाऱ्या माणसांकडून त्या कामाचे शब्द आणि आठवणी उतरवून घ्यायचे तू मनावर घेतले आहेस, हे वाचून मला फार आनंद झाला. कीबोर्ड बोटांवर बसत नाही, आणि समोर माणूस मनातले बोलत असताना आपण खाली मान घालून अक्षरे शोधत बसणे बरेही दिसत नाही. तेव्हा स्टायलसने, म्हणजे पडद्यावर लिहायच्या पेनाने, स्क्रीनवर सरळ हाताने लिहावे आणि त्याचा छापील मजकूर यंत्राने करावा, हे कितपत भरवशाचे आहे, असे तू विचारले आहेस. खानापूर तालुक्यातल्या भातशेतीचे शब्द मी गेली काही वर्षे याच रीतीने टिपतो आहे, म्हणून जे कळले ते सविस्तर लिहितो.

माझे मत आधीच सांगतो. पेनाने लिही, अवश्य लिही. परंतु यंत्राने वाचून दिलेला मजकूर हाच आपला मूळ कागद, असे कधीही धरू नकोस. मूळ म्हणजे तू ओढलेल्या रेघा. टिपणवहीच्या बहुतेक अ‍ॅपमध्ये त्या रेघा जशाच्या तशा साठवता येतात आणि त्यांवरून मजकूर नंतर सवडीने तयार करता येतो. आपल्यासारख्यांनी हीच रीत धरावी, कारण आपण जे शब्द गोळा करायला निघालो आहोत, नेमके तेच शब्द यंत्राला ठाऊक नसतात, आणि ठाऊक नसलेल्या शब्दाच्या जागी ठाऊक असलेला शब्द बसवण्याकडे त्याचा कल असतो.

हा कल आजचा नाही. अ‍ॅपल कंपनीने १९९३ साली न्यूटन मेसेजपॅड नावाचे हातात मावणारे यंत्र काढले, त्यात पॅराग्राफ या मूळच्या मॉस्कोतल्या कंपनीचे हस्ताक्षर ओळखण्याचे तंत्र होते. ते तंत्र पूर्ण शब्द पाहून तो आपल्या कोशातल्या शब्दांशी ताडून बघत असे. शब्द कोशात असला तर वळणदार, जोडून लिहिलेले अक्षरही त्याला लागे. नसला तर मात्र दुसराच कुठला तरी शब्द पडद्यावर उमटे, आणि त्यावरून त्या काळी वर्तमानपत्रांतून त्या यंत्राची पुष्कळ थट्टा झाली. पुढच्या आवृत्तीत अ‍ॅपलने सुटी अक्षरे वाचणारे स्वतःचे तंत्र घातले, ते कितीतरी चांगले होते. पण तोवर नाव खराब झाले होते, आणि १९९८ साली न्यूटन बंद झाले.

त्याच सुमारास, १९९६ साली, पाम पायलट हे तसेच हातात मावणारे यंत्र आले, आणि त्याने प्रश्न उलट बाजूने सोडवला. त्यातल्या ग्राफिटी नावाच्या पद्धतीत यंत्राने माणसाचे अक्षर शिकण्याऐवजी माणसानेच यंत्राला समजेल असे अक्षर शिकायचे होते. रोमन लिपीतले जवळजवळ प्रत्येक अक्षर पेन न उचलता एकाच फटकाऱ्यात काढायचे, तेही पडद्याखालच्या एका ठरलेल्या चौकटीत, एकावर एक. पुढे झेरॉक्स कंपनीशी पेटंटचा वाद झाला आणि २००३ साली पामला ती पद्धत बदलावी लागली, पण तो भाग सोडून दे. मला महत्त्वाचे वाटते ते हे की ग्राफिटी एकेक अक्षर घेत असे, म्हणून तुम्ही लिहिलेला शब्द तो कधी सुधारायला जात नसे. गावाचे नाव लिहा, आडनाव लिहा, कोणत्याही कोशात नसलेला शब्द लिहा, एखादे अक्षर चुकले तर तेवढेच चुके. हा प्रामाणिकपणा आजच्या हुशार यंत्रांत कमी झाला आहे, असे मला मनापासून वाटते.

देवनागरीला अर्थात ती वाट मोकळी नव्हती. बाराखडी, जोडाक्षरे, रफार, अनुस्वार, आणि वर शिरोरेघ, हे सारे एका फटकाऱ्यात बसवायचे कसे? म्हणून आपल्याला थांबावे लागले. गूगलने २०१५ साली हस्तलेखनाचे जे अ‍ॅप काढले त्यात ८२ भाषा होत्या. तीच सोय आता त्यांच्या कीबोर्डात आहे, आणि तेथे मराठी व कन्नड दोन्ही शेजारी शेजारी घेता येतात. २०१९ साली त्यांच्या संशोधकांनी न्यूरल नेटवर्कवर, म्हणजे ढीगभर नमुन्यांवरून आपण होऊन शिकणाऱ्या गणिती जाळ्यावर, आधारलेली नवी रीत प्रसिद्ध केली आणि बहुतेक भाषांत चुका २० ते ४० टक्क्यांनी घटल्याचे नोंदवले. आपल्या दोघांसारख्या पाटीवर अक्षर गिरवलेल्या माणसांना पडद्यावर मराठी लिहिता येऊ लागले, ते अशा कामामुळे, आणि याबद्दल मला खरी कृतज्ञता वाटते.

आता हे यंत्र वाचते कसे, ते थोडे समजून घे, म्हणजे पुढच्या गोष्टी सोप्या होतील. कागदावर लिहून झालेल्या शब्दाचा फोटो काढून तो वाचणे वेगळे आणि लिहिताना वाचणे वेगळे. पेन पडद्यावर चालत असताना ते कुठे आहे याची नोंद यंत्र सेकंदाला अनेक वेळा घेते. त्या बिंदूंची क्रमाने लागलेली माळ, आणि पेन उचलले की तुटणारा तिचा धागा, हेच त्याच्यापुढचे सगळे साहित्य असते. म्हणजे अक्षर कसे दिसते इतकेच नव्हे, तर ते कोणत्या क्रमाने काढले, हेही त्याला कळते. यानंतर भाषेचा अंदाज येतो: या अक्षरानंतर कोणते अक्षर येण्याचा संभव जास्त, या मजकुरात कोणता शब्द शोभेल. हा अंदाज त्याने वाचलेल्या ढीगभर लेखनावरून बांधलेला असतो, आणि तो ढीग शहरी, छापील, प्रमाण मराठीचा असणार, हे उघड आहे.

क्रमाचा प्रश्न आपल्याकडे शिरोरेघेपाशी येतो. आपण शाळेत पूर्ण शब्द लिहून मग वरून रेघ ओढायला शिकलो. मोडी लिहिणारे कारकून याच्या उलट, आधी कागदभर रेघा ओढून घेत आणि मग त्यांच्याखाली बोरूने अक्षरे मांडत जात. पडद्यावर या सवयीची किंमत लगेच कळते. यंत्र तुझ्या हाताच्या थांबण्यावरून शब्द संपला असे ठरवते. तू ‘शिवार’ लिहून क्षणभर समोरच्या आजींकडे पाहिलेस आणि मग रेघ ओढलीस, तर यंत्राने तोवर शब्द घेऊन टाकलेला असतो आणि मागून आलेली रेघ ते संयोगचिन्ह म्हणून शब्दापुढे ठेवते. यावर उपाय दोन. थांबण्याची मुदत वाढवता येत असेल तर वाढवावी, किंवा शिरोरेघ सरळ सोडून द्यावी. रेघेविना लिहिलेले मराठी यंत्राला बहुतेक वेळा लागते, आणि वेगही पुष्कळ वाढतो. मात्र मग ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांच्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते, कारण त्यांच्यातला भेद बराचसा त्या रेघेच्या तुटण्यावर उभा आहे. ‘ध’ आणि ‘भ’ यांच्या डोक्यावरची गाठ तू ठसठशीत काढली नाहीस, तर ‘धर’ लिहिलेले ‘घर’ होऊन बसते, आणि दोन्ही शब्द खरे असल्यामुळे नुसत्या नजरेने चूक सापडत नाही.

अनुस्वार हा दुसरा घात. कागदावर आपण पेनाचे टोक टेकवतो आणि पुढे जातो. पडद्यावर इतका हलका स्पर्श कित्येकदा नोंदलाच जात नाही, म्हणून टिंब न टेकवता तांदळाएवढे ओढून काढावे. रफार आणि ‘ऱ्य’मधला आडवा ‘र’ यांना तर जिवापाड सांभाळ. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला हिंडताना ‘दऱ्या’ हा शब्द मला पदोपदी लिहावा लागतो, आणि त्यातला तो आडवा ‘र’ जरा वर चढला की यंत्र ‘दर्या’ लिहून देते, म्हणजे सह्याद्रीतून थेट समुद्रात. ‘शेतकऱ्या’, ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’ या साऱ्यांची हीच गत. आडवी खूण अक्षराच्या मध्यावर, पुढच्या अक्षराला चिकटून आणि स्पष्ट काढावी.

आकड्यांविषयी तुला वेगळे सांगायला हवे, कारण वखारीचे बोलणे म्हणजे वजने, मजुरी आणि साल. आपल्या भागात माणूस देवनागरी, इंग्रजी आणि कधी कधी कन्नड असे तिन्ही आकडे एकाच कागदावर लिहितो आणि वाचणाऱ्याला अडचण पडत नाही. यंत्राला पडते. देवनागरी एक त्याला इंग्रजी नऊसारखा दिसतो, देवनागरी पाच इंग्रजी चारकडे झुकतो, आणि आकड्यांना आजूबाजूच्या वाक्याचा आधार नसल्यामुळे भाषेचा अंदाजही तेथे कामाला येत नाही. म्हणून रक्कम, साल, वजन जे काही असेल ते मी आकड्यांबरोबर अक्षरांतही लिहितो. तू तसेच कर.

कन्नडची गोष्ट तुझ्याही वाट्याला येईल. बोलणारा मध्येच कन्नड शब्द घेतो, उताऱ्यावरचे नाव कन्नडमध्ये असते, आणि यंत्राला मात्र लिपी आधी सांगावी लागते. भाषा बदलायची कळ दाबल्याशिवाय कन्नड अक्षर लिहिलेस तर ते त्यातून ओढूनताणून देवनागरी काढते. शिवाय कन्नडचे ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षरातले दुसरे अक्षर, मूळ अक्षराच्या खाली लटकते, त्याला लिहिण्याच्या चौकटीत खाली जागा राहील अशा बेताने वरच सुरुवात करावी लागते. बोलण्याच्या ओघात हे जमत नाही. तेव्हा मी अशा ठिकाणी ओळखच बंद ठेवतो, नुसत्या रेघा ओढतो, आणि घरी येऊन त्या शब्दाकडे बघतो.

आणि आता ज्यासाठी एवढे लिहिले ते. खानापूरकडे भाताची रोपे लावण्याला ‘नट्टी’ म्हणतात, पाऊस पडण्याआधी कोरड्या रानात भात पेरतात त्याला ‘धूळवाफ पेरणी’ म्हणतात. मी ‘नट्टी’ लिहिले की यंत्र ‘नटी’ देते, ‘धूळवाफ’ लिहिले की ते त्याचे दोन तुकडे करते. हे निदान डोळ्यांना दिसते. पण एका म्हाताऱ्या बाईंनी नातवाला विचारलेले ‘काय करुलालास?’ मी जसेच्या तसे लिहिले, आणि पडद्यावर ‘काय करू लागलास?’ असे स्वच्छ, व्याकरणशुद्ध वाक्य उमटले. पुण्यातल्या वाचकाला त्यात काहीच खटकणार नाही. बाई विचारत होत्या की तू आत्ता काय करतो आहेस, आणि यंत्राने लिहिले की तू काय करायला सुरुवात केलीस. बोलीही गेली आणि अर्थही गेला, आणि मागे काही खूण राहिली नाही. मित्रा, मला याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते. वाचता न येणारी चूक माणूस दुरुस्त करतो. शुद्ध दिसणारी चूक तशीच पुढे छापली जाते, आणि आपल्या सीमाभागाची बोली आपल्याच हाताने पुसली जाते.

म्हणून सांगतो, रेघा जप. यंत्राने शब्द दिला की वरच्या पट्टीत ते आणखी एकदोन पर्याय सुचवते, त्यांत कित्येकदा आपण लिहिलेला मूळ शब्द असतो, तो निवडावा. नसला तर शब्द अक्षर-अक्षर तोडून, प्रत्येक तुकडा घेतला गेल्यावर पुढचा लिहावा. म्हणजे पूर्ण शब्दाचा अंदाज बांधायला त्याला वावच राहत नाही. मध्ये आपोआप पडणारी मोकळी जागा मात्र पुसावी लागते. आणि उठण्यापूर्वी जे उतरले ते बोलणाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवावे. यंत्राने कुठे शहाणपणा केला असेल तर तेथे आजी तत्काळ हात वर करतात.

बोलून लिहून घेण्याची सोय तुझ्या मुलाने सुचवली असेल, तर ती या कामाला निरुपयोगी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. बोलीपुढे ती पेनापेक्षा लवकर हात टेकते, आणि घरात चार माणसे एकदम बोलत असली की संपलेच.

पेन घेताना पैसे वाचवू नकोस. रबरी टोकाचे स्वस्त पेन यंत्राला बोटासारखेच वाटते, त्यामुळे तळहात पडद्यावर टेकला की त्याचेही फराटे उठतात आणि बारीक अक्षर काढता येत नाही. ज्या टॅबलेटच्या काचेखाली पेन ओळखणारा वेगळा थर असतो, त्याचे पेन घ्यावे. सॅमसंगने २०११ साली गॅलेक्सी नोटमध्ये वाकोम कंपनीचे जे तंत्र आणले ते याच जातीचे. त्या पेनात बॅटरी नसते, टोक बारीक असते आणि दाब कळतो. आषाढात ओसरीवर बसून लिहिताना पडद्यावर पावसाचे थेंब पडले की बोटाचा स्पर्श वेडावाकडा होतो, पण हे पेन चालत राहते. काचेवर चिकटवायचा कागदासारखा खरखरीत पातळ पापुद्रा मिळतो तोही लावून घे, गुळगुळीत काचेवर आपल्या पिढीचे अक्षर घसरते.

दुकानात गेलास की विक्रेता तुला ‘नमस्कार’ आणि ‘भारत’ लिहून दाखवील. त्यावर जाऊ नकोस. तू स्वतः पेन हातात घे आणि ‘दऱ्या’, ‘धर’, ‘घर’, ‘शेतकऱ्यांच्या’ लिही, मग १९८१ हे साल लिही, आणि शेवटी वखारीतला असा एखादा शब्द लिही जो फक्त निपाणीतच ऐकू येतो. तो शब्द यंत्राने बदलला तरी हरकत नाही. पण तू ओढलेल्या रेघा ते वेगळ्या साठवते का आणि दुसऱ्या दिवशी उघडून दाखवते का, एवढे विचारून घेतल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद. वखारीतली पहिली टिपणे झाली की रेघांसकट पाठव, मी वाट पाहतो.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

तुझा,
बेळगावकर मित्र