गावाकडच्या, घरातल्या आठवणींचं पान बंद करू नका

मा. संपादक,
रविवार पुरवणी

सप्रेम नमस्कार,

तुम्ही रविवारी वाचकांच्या गावाकडच्या, घरातल्या गमतीच्या आठवणी छापताय त्याबद्दल आधी मनापासून थँक्यू. मधे एका वाचकाचं पत्र आलं होतं की हे सगळं टाइमपास आहे, एवढी जागा बाजारभावाला नाहीतर स्पर्धा परीक्षेला द्या म्हणून, ते वाचल्यापासून मला लिहायचं होतं पण भाताची लावणी चालू होती, आता कुठं जरा उसंत मिळाली. बाजारभाव पाहिजेतच, आम्ही पण रताळी-बटाटा करणारी माणसं, तो कॉलम आमच्यात सगळ्यात आधी बघतात. पण आठवणींचं पान बंद करू नका ही कळकळीची विनंती आहे, आणि का ते जरा सविस्तर सांगते.

आमच्यात हे पान मोठ्यानं वाचलं जातं. सासूबाईंना, आम्ही त्यांना आत्ती म्हणतो, आता बारीक अक्षर दिसत नाही, मग रात्री जेवणं आटपली की मी वाचते आणि त्या भिंतीला टेकून ऐकतात, शेजारच्या काकू येतात, पोरं पण मोबाईल बाजूला ठेवून बसतात कारण मधेच कुणीतरी जोरात हसतं आणि मग काय झालं काय झालं म्हणून त्यांना परत वाचून दाखवायला लागतं. आणि लेख संपला की खरी मजा सुरू होते. आमच्यात पण असंच झालतं म्हणून आत्ती एक सांगतात, त्यावर काकू दुसरं सांगतात, आणि आम्हाला लग्नाला एवढी वर्षं झाली तरी ठाऊक नसलेल्या गोष्टी बाहेर येतात.

एक सांगतेच. आत्तींच्या माहेरी त्यांच्या दोन चुलत्यांची वाटणी झाली. शेत वाटलं, भांडी वाटली, घराच्या मधोमध भिंत घातली, पण गोठा लहान, त्यात भिंत घातली तर जनावरं उभी कुठं करायची, म्हणून गोठा तेवढा सामायिक राहिला. दोघं भाऊ एकमेकांशी बोलायचे बंद. पण धारा काढायला पहाटे दोघं एकाच गोठ्यात. मग थोरले म्हशीला सांगायचे, "सांग गं त्याला, औताचं जू माझ्याकडं हाय, पायजे तर घिऊन जा म्हणावं." की धाकटे पलीकडून त्याच म्हशीला, "सांग त्याला, नगं म्हणावं, आमचं आमाला हाय." पाऊस कधी, बी कुठलं आणायचं, पाव्हण्यांच्या लग्नाला आहेर किती करायचा, सगळं म्हशीच्या मार्फत. पुढं ती म्हैस भाकड झाली. थोरल्यांनी तिला बाजारात न्यायचं ठरवलं, दावं सोडलं, तर धाकटे दारात आडवे उभे आणि म्हशीकडं बघून म्हणतात, "सांग त्याला, इकायची न्हाई म्हणावं. तू गेलीस तर आमी बोलायचं कसं?" आणि ती म्हैस दुधाचा थेंब न देता पुढं किती दिवस दोघांची वैरण खात उभी होती. आत्ती हे सांगताना स्वतःच इतक्या हसतात की पुढचं त्यांना सांगता येत नाही.

आता मला सांगा हे टाइमपास आहे का. भावाभावांच्या वाटणीवर कितीतरी लेख वाचलेत, कोर्टात किती केसेस पडून आहेत वगैरे, पण भांडण झालं तरी माणसाला भावाशी बोलायचं असतंच आणि त्यासाठी तो वाट शोधतोच हे मला या म्हशीच्या गोष्टीनं सांगितलं. उपदेश केला असता तर आमच्या घरात कुणी ऐकून घेतला नसता.

आपल्याकडं विनोद म्हटलं की हलकंफुलकं, वाचा आणि विसरा असं काहीतरी डोक्यात बसलंय. लक्ष्मीबाई टिळकांचं स्मृतिचित्रे घ्या, 1934 पासून ते भागाभागानं आलं, लिहिणारी बाई शाळेत न गेलेली, लग्नानंतर अक्षरओळख झालेली. त्यांचे वडील सोवळ्यापायी बाजारातून आलेली प्रत्येक चीज धुऊन घेत, त्या घरात लेकरांचे आणि आईचे काय हाल होत असतील, पण लक्ष्मीबाई ते असं सांगतात की आपण हसत हसत वाचतो आणि त्या आईची कीव पण येते. 1895 साली त्यांच्या नवऱ्यानं, कवी ना. वा. टिळकांनी, ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा तर संसाराची ताटातूट झाली, आणि तरीसुद्धा नवऱ्याच्या धांदरटपणाबद्दल आणि रागाबद्दल त्या जे लिहितात त्यात कुठंही कडवटपणा नाही. मी हे पुस्तक पहिल्यांदा वाचलं ते बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयातून आणून, 1848 सालची ही संस्था आहे, तिथं जाऊन पुस्तकं चाळत बसणं हा माझा कॉलेजच्या वयातला सगळ्यात मोठा आनंद होता. आजही मन उदास असलं की मी स्मृतिचित्रे मधलंच कुठलं तरी पान काढते.

आणि आपल्या बेळगावकरांना तर हे वेगळं सांगायची गरजच नाही कारण रावसाहेब आपलेच. पु. ल. देशपांडे काही काळ इथल्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते आणि त्या दिवसांतले हे रावसाहेब त्यांच्या गणगोत या पुस्तकात आलेत. त्यांचं ते कानडी वळणाचं मराठी, मोठ्यानं बोलणं, बोलण्यातल्या शिव्या, सगळं वाचून महाराष्ट्रभर माणसं हसली पण एकाही ओळीत रावसाहेब लहान होत नाहीत, उलट शेवटी डोळ्यात पाणी येतं. मला वाटतं असल्या लिखाणाची परीक्षा हीच आहे, की ज्याच्यावर लिहिलंय तो माणूस वाचून झाल्यावर आपल्याला जास्त आवडायला लागला पाहिजे.

कारण उलटं पण खूप चाललंय. हल्ली गावाकडची म्हणून जी कॉमेडी बघायला मिळते त्यात गावचा माणूस म्हणजे धोतर, टोपी आणि अक्कल नाही, सासू म्हणजे कजाग, बायको म्हणजे जाडी. थंडीच्या दिवसांत आपल्या भागात कडोली, उचगाव, सांबरा, येळ्ळूर, बेळगुंदी अशा गावोगावी साहित्य संमेलनं होतात, मी जमेल तेवढ्यांना जाते, कथाकथन सुरू झालं की मांडवात बसायला जागा मिळत नाही एवढी माणसं येतात, रानातून थेट आलेली बायामाणसं असतात. तिथं चांगला कथाकथनकार असला तर काय सांगू, अख्खा मांडव डोलतो. पण एका ठिकाणी एकानं सुनेच्या रंगावरून अर्धा तास विनोद केले, पुरुष हसले, माझ्या बाजूला बसलेल्या दोन पोरी खाली मान घालून बसल्या. मला फार वाईट वाटलं. त्या माणसाला गाव माहीत होतं, पण गावावर त्याची माया नव्हती. तुमच्या पानावर आजपर्यंत असलं काही आलेलं नाही, याचं श्रेय निवड करणाऱ्याला आहे आणि ते मी मुद्दाम लिहून ठेवते.

अजून एक गोष्ट, आणि माझ्या दृष्टीनं ही सगळ्यात महत्त्वाची. 1956 साली राज्यपुनर्रचना झाली, बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, आणि तेव्हापासून आपल्याबद्दल बाहेर जे छापून येतं ते सीमाप्रश्नाचंच, मोर्चा, ठराव, निवेदन आणि 2004 पासून सुप्रीम कोर्टातली केस. ते छापलंच पाहिजे, आमच्या घरातल्या माणसांनी पण लाठ्या खाल्ल्यात. पण इथली माणसं त्याशिवाय पण जगतात ना! एक आत्या चंदगडला, एक हुक्केरीकडं, लग्नात एका पंगतीला मराठी आग्रह आणि दुसरीला कानडी. माझ्या आजोबांनी एकदा पूर्वेकडच्या बाजारातून बैल आणला, तो कानडी घरात वाढलेला, आजोबा मराठीत ओरडून दमले तरी जागचा हलेना, शेवटी शेजारच्या बाईकडून "नडी", म्हणजे कानडीत चल, असं म्हणायला शिकून आले आणि बैल सुरळीत चालायला लागला. महिन्याभरानं बैलाला मराठी कळायला लागलं, पण आजोबांच्या तोंडात ते नडी असं बसलं की देवळाला जायला उशीर झाला की आज्जीला पण तेच, आणि आज्जी जागच्या जागी उभी राहून म्हणायची, मी काय औताला जुंपलेय का. हे पुण्या-मुंबईचा कुणी लिहिणार नाही, त्याला दिसणारच नाही. ते आपणच लिहायला पाहिजे आणि आपल्या पेपरानंच छापायला पाहिजे.

म्हणून काही विनंत्या. लेखातली बोली सुधारू नका, आत्तींच्या चुलत्यांनी म्हशीला प्रमाण भाषेत निरोप दिला तर त्यात काय राहिलं. निपाणीच्या पलीकडं कागल आहे, तिथल्या आनंद यादवांनी झोंबी मधे घरच्या माणसांची बोली तशीच ठेवली आणि त्याच पुस्तकाला 1990 चं साहित्य अकादमी मिळालं, ते हसवणारं पुस्तक नव्हे पण बोलीनं काही अडत नाही हे त्यावरून कळतं. दुसरं, बायकांना जरा आग्रहानं लिहायला सांगा, स्वयंपाकघरात आणि पाणवठ्यावर जेवढं हसणं झालंय तेवढं कट्ट्यावर पण झालेलं नाही, पण लिहायची वेळ आली की आम्ही म्हणतो आमचं कोण वाचणार. लिहिता येत नसेल त्यांच्या नातवंडांनी मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवावं असं एकदा छापा, माणसं म्हातारी होताहेत. आणि जिवंत माणसाची गोष्ट असेल तर त्याला विचारल्याशिवाय छापू नका, एका गावात राहायचं असतं, हसण्यापायी कुणाचं मन दुखायला नको. शिवाय अक्षर थोडं मोठं करता आलं तर फार बरं होईल, हे पान वाचणाऱ्यांत साठीच्या पुढची माणसं खूप आहेत.

म्हशीची गोष्ट मी आत्तींच्या शब्दांत पूर्ण लिहून वेगळी पाठवतेय, इथं थोडक्यात सांगितली. चुलत्यांच्या घरी फोन करून त्यांच्या मुलांना विचारलंय, दोन्ही घरांनी होय म्हटलंय. आत्तींचा फक्त एक हट्ट आहे, चुलत्यांची नावं छापायची नाहीत पण म्हशीचं नाव चंद्री होतं ते मात्र छापायचं.

आपली,
एक नियमित वाचक
बेळगाव तालुका, पश्चिम भाग