मजुरीची ओळ लिहायला लावलीत, तात्या!

आदरणीय तात्या,
सा. न. वि. वि.

यंदा बँकेचा हप्ता वेळेवर गेला, मदतीला येणाऱ्या बायकांची मजुरी दर आठवड्याला हातावर पडली आणि तरी आम्हा दोघांच्या, माझ्या नि चुलतभावाच्या, घरी चार पैसे उरले. हे तुमच्यामुळे झालं, म्हणून चारचौघांत आभार मानतेय.

मी जी. डी. आर्ट, म्हणजे चित्रकलेची पदविका, केलेली. चुलतभाऊ सावंतवाडीच्या चितार आळीत बघून बघून शिकला, पांगाऱ्याच्या लाकडाची फळं करता करता गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे गोल पत्तेही, रंगवू लागला. त्याच्यासारखी रेघ मला आजही येत नाही. पण गिऱ्हाईकाने "कितीला?" म्हटलं की आम्ही दोघंही सारखीच गप्प. मला कॉलेजात रंगसंगती शिकवली, दर काढायला कोणी शिकवलं नाही. त्याला तर भाव सांगणं म्हणजे आगाऊपणा वाटायचा.

तुम्ही पडवीत वही उघडलीत. दशावतारी गंजिफाचा डाव म्हणजे १२० पानं. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. चिंचोक्याची खळ, रंग, लाख, पेटी, सगळं लिहून झाल्यावर तुम्ही चष्मा वर सारून विचारलंत, "ह्यात तुझी मजुरी खंय आसा?" मग घड्याळ समोर ठेवून वेळ मोजायला लावलात. तिर्री चटकन होते, राजाचं पान तासन्‌तास खातं. बिघडलेली पानंसुद्धा खर्चात धरायला लावलीत. त्या हिशेबाने भाव सांगितला तेव्हा एक गिऱ्हाईक उठून गेलं, दुसऱ्याने डाव घेतला. कलेचे पैसे मागू नयेत म्हणणाऱ्यांचा मला आता खरंच राग येतो. किराणा काय कौतुकावर मिळतो?

एका हॉटेलने भिंतीवरच्या कामाचे पैसे अडकवले, तेव्हा लहान उद्योगांची सरकारी 'उद्यम' नोंदणी तुम्हीच करवून घेतलीत. ती फुकट होते हेही आम्हाला ठाऊक नव्हतं. नोंदणी असलेल्या लहान उद्योगाचे पैसे, करार काहीही असो, ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, असं २००६ चा कायदा सांगतो. आता निम्मे पैसे आगाऊ आणि उरलेल्यांची तारीख बिलावरच.

भावाकडे पदवीचा कागद नाही म्हणून तो कर्जाचं नाव काढत नव्हता. कारागिरांसाठीच्या केंद्र सरकारच्या विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत पारंपरिक खेळणी करणारेही येतात, पहिलं कर्ज एक लाखापर्यंत आणि व्याज ५ टक्के, हे तुम्ही त्याला शांतपणे समजावलंत आणि बँकेत बरोबर गेलात. मॅनेजरसमोर तुम्ही त्याची ओळख "आमचे कलाकार" अशी करून दिलीत. ते तो घरी येऊन सगळ्यांना सांगत होता.

पुढच्या महिन्यात पिंगुळीहून चित्रकथी, म्हणजे गोष्ट सांगताना दाखवायची चित्रं, रंगवणारी दोन मुलं तुमच्याकडे येतील. दुकानदाराला किती टक्के सोडायचे, यावर त्यांचं अडलंय. मी सांगितलंय, पण तुम्ही वही घेऊन बसलात तर त्यांना लवकर पटेल. काकूंना नमस्कार.

आपली,
चितार आळीतली भाची