लिनक्सवर जाण्याआधी प्रिंटर आणि वाय-फाय तपासा

महोदय,

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यानंतर जुन्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे.

कीबोर्ड, माउस, पेनड्राइव्ह, बहुतेक वेबकॅम यांची चिंता नको; ते ठरलेल्या प्रमाणित पद्धतीने बोलतात. खरी अडचण प्रिंटरची. स्वस्त लेझर प्रिंटरांपैकी काही पान स्वतः तयार करत नाहीत, ते काम संगणकातल्या ड्रायव्हरवर, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रामवर, ढकलतात. कंपनीने लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला नसेल, तर असे यंत्र बहुधा नुसते शोभेला. म्हणून खोक्यावर ‘एअरप्रिंट’ किंवा ‘आयपीपी एव्हरीव्हेअर’ लिहिले आहे का, ते पाहावे. असा प्रिंटर मॅक आणि लिनक्स दोन्हींवर वेगळ्या ड्रायव्हरविना छापतो.

वाय-फाय डोंगलची, म्हणजे यूएसबीत खोचायच्या छोट्या वाय-फाय यंत्राची, गंमत निराळीच. काही डोंगल लावताच आधी सीडी ड्राइव्ह असल्याचे भासवतात, कारण त्यात विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो. लिनक्समध्ये ‘यूएसबी मोडस्विच’ या प्रोग्रामने त्याला मूळ रूपात आणावे लागते. शिवाय मॉडेलचे नाव तेच ठेवून आवृत्तीगणिक आतली चिप बदलली जाते, त्यामुळे नावावर विसंबू नये. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी’ (lsusb) ही आज्ञा दिली की खरा ओळख क्रमांक दिसतो. डोंगल लिनक्सवर चालेल का, याचा शोध त्यावरून घ्यावा.

आणि हार्ड डिस्क पुसण्यापूर्वी ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून लिनक्स ‘लाइव्ह’, म्हणजे संगणकावर न बसवता, चालवून आवाज, वाय-फाय, छपाई व स्लीपमधून जागे होणे तपासावे. शेवटचे हमखास विसरले जाते.

– एक वाचक