विषय: फोन वाजताच ब्रॉडबँड बंद पडण्याबाबत चौथी तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज सकाळी आपल्या मदत केंद्राशी पुन्हा एकदा बोलणे झाले, म्हणून हे लेखी कळवत आहे.

आमच्या दिवाणखान्यात एक आणि माजघरात एक असे दोन फोन एकाच लाइनवर आहेत. आपल्या माणसाने ब्रॉडबँड बसवताना स्प्लिटर फक्त दिवाणखान्यातल्या फोनला लावला आणि माजघराकडे जाणारी जुनी वायर स्प्लिटरच्या अलीकडेच, रोझेट बॉक्समध्ये (भिंतीवरच्या जोडणीच्या डबीत), उघड्या तारांना पीळ घालून व काळी चिकटपट्टी गुंडाळून तशीच ठेवली. आवाज 4 किलोहर्ट्झच्या खाली आणि एडीएसएलचा, म्हणजे ब्रॉडबँडचा, सिग्नल साधारण 25 किलोहर्ट्झच्या वर चालतो व स्प्लिटर या दोघांना वेगळे ठेवण्यासाठीच असतो, हे आपल्याच कंपनीला मी शिकवावे अशी अपेक्षा नसावी. माजघरातला फोन थेट लाइनवर असल्याने घंटी वाजली की मॉडेमवरचा डीएसएलचा दिवा लुकलुकतो, इंटरनेट तुटते आणि पुन्हा जुळायला दोन-तीन मिनिटे जातात. त्या फोनची पिन काढली, तर दिवा दिवसभर स्थिर राहतो. म्हणजे निदानही मीच करून दिले आहे.

हे सारे ऐकून घेतल्यावर आपल्या प्रतिनिधीने मला मॉडेम बंद करून चालू करायला सांगितले. ते मी केले. मग त्यांनी "सिस्टीममध्ये लाइन ओके दाखवते" असे सांगितले. मी वायरचा विषय पुन्हा काढताच उत्तर आले, "सर, मग तो फोन काढूनच ठेवा ना, हल्ली लँडलाइन कोण वापरतं?" माझी 82 वर्षांची आई वापरते, असे मी म्हणालो. त्यावर त्यांनी आईला मोबाईल घेऊन देण्याचा सल्ला दिला. ज्या सेवेचे भाडे आपण दरमहा न चुकता घेता, ती वापरू नये हा सल्ला आपल्याच कार्यालयातून मिळावा, याचे मला कौतुक वाटले. पाचच मिनिटांत तक्रारीचे निवारण झाल्याचा संदेश आला. मागच्या तिन्ही वेळांप्रमाणेच.

तीन दिवसांत दुरुस्ती न झाल्यास चारही तक्रारींच्या डॉकेट क्रमांकांसह मी दूरसंचार नियामक ट्रायच्या 2012 च्या नियमांनुसार आपल्या अपील प्राधिकरणाकडे जाईन. वीस वर्षे ही लाइन टिकवली, ती याचसाठी का, असा प्रश्न पडतो.

माजघराची वायर स्प्लिटरच्या फोनच्या खाचेतून पुढे न्यायची आहे, एवढेच काम आहे. येणाऱ्या माणसाने स्क्रू-ड्रायव्हर आणावा. मॉडेम आणू नये, तो दोनदा बदलून झाला आहे.

आपला ग्राहक, तूर्त तरी